आधी पिंजरा, मग वेग

शनिवार पेठेतल्या वाड्याच्या अंगणात जुन्या मारुती एस्टीमची रॅलीची गाडी करायला घेतली, तेव्हा माझे लक्ष इंजिनावरच होते. पण रॅलीची गाडी वेगाआधी मजबुतीने घडते. प्रथम आसने, गालिचे, अस्तर काढून पत्रा उघडा करायचा. मग आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, बसवायचा. गाडी उलटली की छताऐवजी तो भार पेलतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार मुख्य कमानीची नळी विनाजोड हवी. ४५ मिलिमीटर व्यासाला जाडी किमान २.५ मिलिमीटर. प्रत्येक सांधा चहूबाजूंनी वेल्ड व्हायला हवा. छताला टेकलेल्या सांध्यांच्या वरच्या अंगाला मात्र वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही. आमच्या मिस्त्रीने ते तसेच सोडले होते. “दिसतंय कुठे?” तो म्हणाला.

शेजारी बसून वळणांच्या नोंदी वाचणार होता माझा धाकटा भाऊ. आम्ही पिंजऱ्याचे पाय सोडवले, तळाच्या पत्र्याला भोके पाडून तो खाली उतरवला, वरून सांधे भरले, पुन्हा उचलला आणि पायांखाली ३ मिलिमीटरच्या पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या. तीन रविवार गेले. इंजिनाला अजून हात लावलेला नाही.