खाडीकाठचा कारभार – भाग ६ : धुपेला तारीख नसते

गेल्या भागात आपण मानखुर्दच्या खाडीकाठाच्या हद्दी पाहिल्या. कुठली जमीन महसूल खात्याची, कुठली वन विभागाची आणि महापालिकेचं काम कुठून सुरू होतं, हे समजून घेतलं. मानखुर्दला वाळूचा किनारा नाही. ठाणे खाडीचं पाणी इथं गाळ आणून टाकतं आणि त्या गाळावर तिवरं वाढतात. उघड्या समुद्रावरच्या गावांचा प्रश्न याच्या नेमका उलटा आहे. तिथं जमीन भरत नाही, जाते. पालघरचं सातपाटी, रत्नागिरीजवळचं मिऱ्या आणि एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेलं मालवण तालुक्यातलं देवबाग, ही त्यांतली ओळखीची नावं. अशा गावच्या ग्रामपंचायतीच्या हातात नेमकं काय असतं, ते आज पाहू. शेवटी मानखुर्दकडे परत येऊ, कारण इथल्या रहिवाशांनाही त्यातून घेण्यासारखं आहे.

वाळूचा जमाखर्च

किनाऱ्यावरची वाळू एका जागी कधीच बसून नसते. पावसाळ्यातल्या उंच लाटा ती ओढून आत नेतात आणि पाऊस संपल्यावर समुद्र शांत झाला की बरीचशी परत आणून टाकतात. लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनंही सरकत राहते. नद्या त्यात नवी भर घालतात. यातली जमा घटली किंवा खर्च वाढला की धूप सुरू होते. नदीवर धरण झालं, खाडीच्या मुखातून वाळू उपसली, वाळूच्या वाटेत बंदराची भिंत आडवी आली, यांपैकी काहीही पुरतं. मग ३ जून २०२०चं 'निसर्ग' किंवा मे २०२१चं 'तौक्ते' यांसारखं वादळ येतं आणि आधीच उणा झालेला साठा ओढून नेतं.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातल्या किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा कमी-अधिक प्रमाणात धुपतो आहे, तर महाराष्ट्राचा २५.५ टक्के. राज्याचा तीन चतुर्थांश किनारा स्थिर आहे किंवा वाढतो आहे, हे वाचून बरं वाटतं. पण कोकणात डोंगराचे सुळके समुद्रात घुसलेले आहेत आणि त्यांच्या मध्ये लहान लहान पुळणी आहेत. ज्या गावाची एकुलती पुळण त्या धुपणाऱ्या पाव हिश्श्यात सापडली, त्याला राज्याच्या सरासरीचा काही उपयोग नाही.

ठराव कुठं जातो

घरापर्यंत पाणी आलं की ग्रामसभेत ठराव होतो: 'गावास धूपप्रतिबंधक बंधारा मिळावा.' ठराव एकमतानं मंजूर होतो. पण बंधारा बांधणं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही. ७३व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत मृदसंधारण आहे, मत्स्यव्यवसाय आहे, मात्र समुद्रानं होणाऱ्या धुपेचा उल्लेख नाही. पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या पंचायतींना मिळणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची बाकी सगळी कामं करायची. याउलट केरळातल्या चेल्लानम इथं टेट्रापॉडची, म्हणजे चौपायी काँक्रीट ठोकळ्यांची, सुमारे सव्वासात किलोमीटर भिंत उभारायला ३४४ कोटींचा प्रकल्प घ्यावा लागला. किलोमीटरमागे ४५ कोटींहून जास्त. कुठलीही ग्रामपंचायत हे पेलू शकणार नाही.

म्हणून ठराव वर जातो. किनाऱ्यावरची बांधकामं पत्तन अभियंत्यांची कार्यालयं आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्याकडे असतात. लाटा आणि वाळूचा अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ सालापासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात होतो. किनारा नियमन क्षेत्रातल्या कामाला राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची छाननी लागते. निधी राज्याच्या अर्थसंकल्पातून किंवा केंद्राच्या योजनेतून यावा लागतो. यांतली एकही पायरी अनाठायी नाही. अभ्यासाविना टाकलेले दगड दोन-चार पावसाळ्यांत वाळूत रुततात, हे कोकणात अनेक ठिकाणी पाहायला मिळतं. अडचण वेगळीच आहे. कागद पायऱ्या चढत असतो तेव्हा किनारा मागं सरकत असतो, आणि मोजणी करायला माणसं येतात तोवर ठरावातलं वर्णन जुनं झालेलं असतं.

उधाण मोजलं जातं, धूप नाही

मदतीच्या नियमांत एक फट आहे आणि गावांचं सर्वांत मोठं नुकसान तिथंच होतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते ती चक्रीवादळ, पूर, भूकंप, त्सुनामी अशा अधिसूचित आपत्तींना. किनाऱ्याची धूप त्या राष्ट्रीय यादीत नाही. महाराष्ट्रानं २०१४ साली स्वतःच्या यादीत समुद्राच्या उधाणाचा समावेश केला, ही मोठी गोष्ट होती. अमावास्येच्या उधाणात घराची भिंत पडली तर तलाठी येऊन पंचनामा करू शकतो, कारण भिंत अमुक रात्री पडली हे सांगता येतं. पण त्याच घरापुढचं अंगण, माडांची रांग, जाळी सुकवायची जागा आणि होड्या ओढून ठेवायची पुळण वर्षाला हात-दोन हात करत जाते, तेव्हा पंचनामा कुठल्या दिवशी करायचा?

मदतीला तारीख लागते आणि धुपेला तारीख नसते. किनाऱ्यावरच्या गावांवरचा अन्याय मला इथं दिसतो.

वाट अगदीच बंद आहे असं नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी पहिल्यांदाच धूप रोखण्याच्या उपायांना १,५०० कोटी आणि धुपेनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपये सुचवले. नदीकाठ आणि समुद्रकाठ असे दोन्ही त्यात येतात. अख्ख्या देशाच्या मानानं ही रक्कम थोडीच आहे. ती मागायला उभं राहायचं, तर किती जमीन गेली आणि केव्हापासून जाते आहे, हे गावाला दाखवता आलं पाहिजे.

ग्रामपंचायतीचं खरं काम

म्हणून माझं म्हणणं असं आहे: बंधारा मागण्याआधी ग्रामपंचायतीनं किनाऱ्याची नोंदवही सुरू करावी. धुपेला तारीख देण्याचं काम गावाशिवाय दुसरं कोणी करणार नाही.

याला यंत्रं लागत नाहीत. शाळा, मंदिर, विहीर, जुनी बांधीव घरं अशा न हलणाऱ्या पाच-सहा खुणा ठरवायच्या आणि प्रत्येक खुणेपासून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं. दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढायचा. ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात, हे वेळापत्रक या कामाला सोयीचं आहे. १ मेच्या आधी घेतलेलं माप पावसाळ्यापूर्वीची पुळण दाखवतं, २ ऑक्टोबरचं पावसानं काय नेलं ते सांगतं आणि २६ जानेवारीचं त्यातलं किती परत आलं ते. मेचं माप पुढच्या वर्षीच्या मेशीच ताडून पाहायचं. ऑक्टोबरमधली ओकी पुळण पाहून घाबरायचं नाही आणि एप्रिलमधली भरलेली पुळण पाहून निश्चिंत व्हायचं नाही. प्रत्येक माप ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिलं, की ते सरकारी दफ्तरातला पुरावा होतं.

ही नोंद कुठं न्यायची, तेही ठरलेलं आहे. किनारा नियमनाच्या अधिसूचनेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या जिल्ह्यातले ते तिघं कोण, हे प्रत्येक किनारी गावाला माहीत असायला हवं. पाच वर्षांची मापं घेऊन त्यांच्याकडे गेलेलं गाव आणि नुसता ठराव घेऊन गेलेलं गाव, यांच्या बोलण्याच्या वजनात फार फरक पडतो.

नोंदवहीचा आणखी एक उपयोग आहे. चेल्लानमच्या भिंतीमागची घरं सुरक्षित झाली, पण ती जिथं संपली त्याच्या उत्तरेला कन्नमाली भागात समुद्र जास्त आत येऊ लागल्याची तक्रार घेऊन लोक रस्त्यावर उतरले. वाळू गावाची शीव ओळखत नाही. म्हणून शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी एकाच पद्धतीनं मोजावं आणि एकत्र ठराव करावा. बंधाऱ्याच्या आराखड्यावर पहिला प्रश्न असावा, 'तो संपतो कुठं, आणि त्यापुढं कोण राहतं?'

आणि मानखुर्दला?

इथं ग्रामसभा नाही. एम-पूर्व विभागाचं कार्यालय आहे, प्रभाग समिती आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे होता. त्या काळात लोकांना आपलं म्हणणं मांडायला निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता.

आपला किनाराही तारखेविनाच जातो, फक्त रीत वेगळी आहे. रात्री राडारोड्याचा एक डंपर रिकामा होतो, चार तिवरं दबतात, भरतीचं पाणी अडतं, मागची तिवरं सुकतात. मुंबई उच्च न्यायालयानं १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात कांदळवनांचा, म्हणजे या तिवरांच्या जंगलांचा, नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि २०१२ पासून राज्याचा कांदळवन कक्षही आहे. कायदा आपल्या बाजूनं भक्कम आहे. उणीव आहे ती नोंदीची. खाडीकाठच्या वस्तीतल्या मंडळांनी, महिला बचत गटांनी, शाळांनी तीन-चार जागा वाटून घ्याव्यात, दर महिन्याला तिथला फोटो काढावा, तारीख घालावी आणि त्याची प्रत विभाग कार्यालयाला व कांदळवन कक्षाला देऊन पोच घ्यावी. उधाणाचं पाणी वस्तीत शिरण्याआधी थोपवणारा आपला बंधारा म्हणजे ही तिवरंच. ती कुणाला ४५ कोटी खर्चून बांधावी लागलेली नाहीत. ती राखायला वहीची काही पानं पुरतात.

पुढच्या भागात: किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा कसा वाचायचा, आपली वस्ती त्यात कशी शोधायची आणि हरकत कशी नोंदवायची.