माणूस शहरात, नोंद गावात

काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विद्यापीठात चीनविषयीच्या परिषदेला जाण्याचा योग आला. परिषद विद्यार्थ्यांनीच भरवली होती. हार्वर्ड, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा ठिकाणी शिकणारी चिनी मुलं अशा परिषदा घेतात. वक्ते बोलावण्यापासून चहापाण्यापर्यंत सगळं तीच बघतात, आणि खरं सांगायचं तर आपल्या विद्वत्परिषदांपेक्षा वेळही जास्त पाळतात! भाषणं बहुतेक बँका, व्यापार आणि तंत्रज्ञान यांवर झाली. पण सभागृह जागं झालं ते शेवटी विचारलेल्या एका प्रश्नानं. 'बीजिंगमध्ये इमारती बांधणाऱ्या मजुराच्या मुलाला कॉलेजची प्रवेशपरीक्षा बीजिंगमधूनच का देता येत नाही?' चीनमधले बदल समजून घ्यायचे तर हाच प्रश्न धरून पुढे जावं, असं मला वाटतं.

याचं उत्तर 'हुकोऊ' या शब्दात आहे. हुकोऊ म्हणजे कुटुंबाची सरकारदरबारी असलेली नोंद. आपल्या रेशनकार्डासारखी एक पुस्तिका डोळ्यांसमोर आणा. त्यात तुम्ही कुठल्या गावचे आणि शेतकरी की बिगरशेतकरी, हे लिहिलेलं असे. जानेवारी १९५८ मध्ये याचा कायदा झाला. धान्य, घर, नोकरी हे सगळं शहरात मिळायचं ते शहरी नोंद असलेल्यालाच. सरकारला अवजड उद्योग उभे करायचे होते, त्यासाठी कामगारांना स्वस्त धान्य हवं होतं. खेड्यातली माणसं शहरात लोटली असती तर ते पुरलं नसतं. चीनच्या १९५४ च्या राज्यघटनेत कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य दिलेलं होतं, १९७५ च्या घटनेतून ते गळालं. आणि ही नोंद वारशानं येई, तीही १९९८ पर्यंत आईकडून. बाप शहरी असला तरी आई खेड्यातली असेल तर मूल खेड्यातलंच!

१९७८ नंतर आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. १९८० मध्ये शेन्झेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं. कारखान्यांना माणसं हवी होती, मग दार उघडलं, पण अर्धंच. कामाला या, नोंद मात्र गावातच ठेवा. शहराला तरुण मजूर मिळाला, पण त्याच्या मुलांची शाळा, आजारपण, म्हातारपण यांचा भार शहरानं घेतला नाही. तो गावानं आणि घरच्या म्हाताऱ्यांनी उचलला. चिनी माल स्वस्त का, याची कारणं आपण बंदरांत आणि कारखान्यांत शोधतो. माझ्या मते एक मोठं कारण या पुस्तिकेत आहे.

कागद जवळ नसला तर काय होई, हे २००३ मध्ये साऱ्या देशाला कळलं. सुन झिगांग हा सत्तावीस वर्षांचा पदवीधर ग्वांगझोऊत नोकरीला आला होता. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना दाखवता आला नाही म्हणून त्याला पकडलं आणि कोठडीत मारहाण होऊन तो मेला. एका वृत्तपत्रानं बातमी छापली, कायद्याच्या तरुण अभ्यासकांनी अर्ज केला, आणि अशा लोकांना पकडून गावी पाठवण्याची ती पद्धत त्याच वर्षी रद्द झाली. हुकोऊ मात्र राहिलं.

२०२० च्या जनगणनेत चीनचे जवळजवळ ६४ टक्के लोक शहरांत राहत होते. शहरी हुकोऊ मात्र सुमारे ४५ टक्क्यांकडेच होतं. मधली माणसं पंचवीस कोटींहून अधिक भरतात. आईबापांपैकी कुणीतरी कामासाठी बाहेर गेलेलं आणि मागे गावात राहिलेली मुलं २०१० च्या जनगणनेवरून सहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज होता.

आता असं वाटेल की, प्रत्येक खेडूत शहरी नोंदीसाठी धडपडत असेल. तसं नाही. गावच्या नोंदीबरोबर शेताचा आणि घराच्या जागेचा हक्क येतो. २००६ पासून शेतसाराही माफ झाला. शहरातलं काम आज आहे, उद्या नाही. जमीन तेवढी आपली. त्यामुळे कितीतरी जण ती पुस्तिका बदलायला तयार नसतात.

२०१४ मध्ये शेतकरी-बिगरशेतकरी हा भेद रद्द करायचं ठरलं. लहान शहरांनी दारं उघडली, आणि २०१९ मध्ये तीस लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांनी अटी काढून टाकाव्यात, असा आदेश निघाला. पण चांगलं काम असतं मोठ्या शहरांत. बीजिंग, शांघायमध्ये शिक्षण, नोकरीची वर्षं यांना गुण देऊन मोजक्यांनाच नोंद मिळते. रोजंदारीच्या मजुराला ते गुण कुठून मिळणार? गाओकाओ, म्हणजे कॉलेजची प्रवेशपरीक्षा, सर्वसाधारणपणे ज्या प्रांतात नोंद त्याच प्रांतात द्यावी लागते. काही प्रांतांनी सवलत दिली, बीजिंगनं फारशी नाही. प्रश्नपत्रिका आणि पुस्तकंही प्रांतागणिक बदलू शकतात. म्हणून नववी झाली की बीजिंगमध्ये वाढलेलं ते मूल आजीकडे, कधी नीट न पाहिलेल्या गावी जातं. नाहीतर आईला नोकरी सोडून त्याच्याबरोबर परतावं लागतं.