रात्रीचें ओलीत आणि दिवसाची वीज

धामणगांव रेल्वेच्या फलाटावर थोडा वेळ उभें राहिलें, तर वर्ध्याकडून बडनेऱ्याकडे जाणारी एखादी कोळशाची मालगाडी बहुधा दृष्टीस पडते. चंद्रपूर-वणीकडील खाणींतला हा कोळसा पारस, भुसावळ येथील वीजगृहांकडे जातो. तेथें त्याची वीज होते; ती मनोऱ्यांवरील तारांतून उपकेंद्रांत आणि तेथून लांबच लांब वाहिन्यांनीं शेतांतल्या विहिरींवर येते. वाटेंत तिचा कांहीं अंश नुसत्या तारा तापविण्यांत खर्ची पडतो. हा मार्ग आंखूड करतां येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विहिरीवरचे पंप रात्रीं कां चालतात, हें पुष्कळ शहरवासीयांस ठाऊक नसतें. दिवसां कारखाने चालतात, सायंकाळीं घरोघर दिवे लागतात, आणि मध्यरात्रीनंतर मागणी उतरते. परंतु कोळशाचें वीजगृह म्हणजे घटकेंत विझवावी व घटकेंत पेटवावी अशी चूल नव्हे. तेव्हां रात्रींच्या विजेला गिऱ्हाईक म्हणून शेतकऱ्याची योजना झाली, व शेतीची तीन-फेज वीज आळीपाळीनें कांहीं दिवस रात्रीं देण्याचा प्रघात पडला. हिशेबाला हें सोयीचें होतें. पण पौषांतल्या थंडींत गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी द्यावयाचें म्हणजे अंधारांत बांधावर जाणें आलें. सापांची, रानडुकरांची भीति आली. म्हणून कित्येकजण मोटारीला ऑटोस्विच लावून घरीं निजतात. वीज आली कीं मोटार आपोआप सुरू होते, आणि मध्येंच दांड फुटला तरी वीज जाईपर्यंत चालतच राहते.

राज्य सरकारनें 2017 सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली. तिच्या पहिल्या प्रयोगांसाठीं राळेगणसिद्धि आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांतील कोळंबी हीं गांवें निवडलीं गेलीं. कल्पना साधी आहे. शेतीची वाहिनी गांवठाणाच्या वाहिनीहून पृथक् करावयाची, आणि तिला पोसणाऱ्या उपकेंद्राच्या पांच-दहा किलोमीटरांच्या आंत सौर पॅनेल मांडावयाचीं. ऊन दिवसां असतें, म्हणून पंपालाही वीज दिवसांच मिळते. 2023 मध्यें या योजनेचा दुसरा टप्पा निघाला. त्यांत खाजगी जमीन भाड्यानें देणारास हेक्टरीं वर्षाला 1,25,000 रुपये व दरवर्षीं शेंकडा 3 वाढ ठरविली आहे. बरड, पडीक जमिनीला हा व्यवहार उत्तम. कपाशीच्या काळ्या रानावर पॅनेल उभीं राहावीं, हें मात्र मला रुचत नाहीं.

यांत शहरांतल्या घरांचा काय संबंध, असें कोणी विचारील. शेतीपंपांचे दर विजेच्या खर्चाहून पुष्कळ कमी ठेवलेले असतात. ती तूट कांहीं अंशीं सरकारी तिजोरींतून, आणि कांहीं अंशीं कारखानदार, दुकानदार व अधिक वीज वापरणारीं घरें यांच्या बिलांतून भरून निघते. एप्रिल 2024 पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल पांच वर्षांकरितां सरकारनेंच उचललें आहे.

येथपर्यंत ठीक, पण या धोरणाचें एक अंग मला लंगडें वाटतें. पांच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर तासाला चार युनिटांहून अधिक वीज घेते. तेवढेंच पाणी चांगला पंप कमी विजेंत काढील. घरांत शीतकपाट घेतांना आपण त्यावरच्या तारका मोजतों, कारण बिल आपणांस भरावयाचें असतें. शेतकऱ्याला बिल नाहीं. शिवाय वाहिनीच्या शेंड्याला व्होल्टेज इतकें पडतें कीं मोटार जळते, मग वाइंडिंग करून घ्यावें लागतें. अशा स्थितींत तो महागड्या मोटारीच्या वाटेला जात नाहीं, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. 2010 च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें भागांत जुने पंप काढून कमी वीज खाणारे पंप बसविण्याचा सरकारी प्रयोग झाला होता. तोच आतां सौर वाहिन्यांशीं जोडावयास हवा. उपकेंद्राजवळ वीज होऊं लागली कीं व्होल्टेज सुधारण्यास मदत होते आणि मोटार जळण्याचें भय कमी होतें. ज्या वाहिनीवर सौर वीज येईल, तेथील जुन्या मोटारी महावितरणनें त्याच हंगामांत बदलून द्याव्या. शेतकरी बांधावर असतो तेव्हांच, म्हणजे भर दिवसां.