भरल्या ढोलीचं रूप

पूर्व विदर्भातल्या सिंदेवाहीत असो की पुण्यात, लग्नाच्या बायोडेटात आता ‘सडपातळ बांधा’ हवाच. पण त्याच घरातली आजी नातीकडे बघून हळहळते, “वाळून काडी झाली पोरगी!” अंगानं भरलेली सून आली, की तीच आजी खुशीत सांगते, “खात्यापित्या घरची आहे.” एका छपराखाली दोन तराजू! आले कुठून?

आजीचा तराजू धानाचा. रोवणीच्या दिवसांत धान साठवायची ढोली तळाला लागायची. दिवाळीच्या आगेमागे धान कापून झालं, की मंडईची जत्रा आणि रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटकं. गावोगावचे पाहुणे तेव्हाच येतात आणि सोयरिकीच्या गोष्टीही तेव्हाच निघतात. म्हणजे पोरगी बघायची वेळ कोणती? ढोल्या भरलेल्या असतानाची! तेव्हाही जी सुकलेली दिसायची, तिच्या घरचं काय, हा हिशेब न बोलता व्हायचा. मला विचाराल तर ‘खात्यापित्या घरची’ ही पोरीची तारीफ नव्हतीच. ती तिच्या बापाच्या ढोलीची होती. (नवरदेवाचं पोट मात्र कुणी मोजत नाही.)

आणि चरबी ही खरोखरच ढोली! एक ग्रॅम पिष्टातून साधारण ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९. एवढा साठा अंगावर घेऊन माणूस चक्क नाचूही शकतो!

मग डोळा पोटाचं ऐकतो की काय? ब्रिटनमध्ये स्वामी आणि टोव्ही या संशोधकांनी जेवायला निघालेल्या आणि जेवून आलेल्या विद्यार्थ्यांना बायकांचे फोटो दाखवले. २००६ साली निकाल छापला: भुकेल्यांना भरलेला बांधा जास्त आवडला. एका ताटाच्या अंतरानं सौंदर्य बदललं!

दुसरा तराजू पडद्यावरचा. फिजी बेटांवरही पूर्वी भरलेलं अंग म्हणजे चांगलं अंग. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला आणि तीन वर्षांत काही शाळकरी मुली बारीक होण्यासाठी खाल्लेलं ओकून टाकू लागल्या.

पण बारीक कोण, हे तरी डोळ्याला कळतं का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या हिशेबानं वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. दोघेही सडपातळ. कुणाच्या अंगात चरबी जास्त? मी बराच वेळ बघत बसलो आणि फसलो. युडकिन ९.१ टक्के, आपले याज्ञिक २१.२!