उसन्या सभागृहातली ‘आविष्कार’

नाना पाटेकर मुरुड-जंजिऱ्याचे, हे रायगडच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. सिनेमात नाव होण्याआधी त्यांनी विजय तेंडुलकरांच्या ‘पाहिजे जातीचे’मध्ये काम केलं होतं, हे मात्र आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, संस्था ‘आविष्कार’. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून दादर गाठणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ही संस्था ठाऊक असायला हवी, म्हणून हा परिचय.

तिची पाळंमुळं ‘रंगायन’मध्ये आहेत. १९६० साली विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू या मंडळींनी ती संस्था उभी केली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ सालचं नाटक तिथलंच, आणि त्यातली बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांची. पुढे ‘रंगायन’मध्ये फूट पडली. अरविंद, सुलभाताई आणि अरुण काकडे बाहेर पडले आणि १९७१ साली त्यांनी ‘आविष्कार’ काढली. पहिलं नाटक निवडलं तेच अवघड: गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’, तेंडुलकरांनी मराठीत आणलेलं, मुख्य भूमिकेत अरुण सरनाईक.

नाटक मिळालं, नट मिळाले. अडत होतं जागेपाशी. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं भरायचं, तर तिकिटं तेवढी खपायला हवीत. प्रायोगिक नाटकाला तेवढा प्रेक्षक कुठून आणायचा? सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्या शाळेचं सभागृह १९७४ पासून संध्याकाळचं मिळू लागलं आणि मराठी रंगभूमीचा एक सबंध कालखंड त्या जागेच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

जागा म्हणजे काय, तर दादर स्टेशनापासून चालत दोन मिनिटांवरच्या गल्लीतला एक हॉल. दिवसा मुलांचा, संध्याकाळी नाटकवाल्यांचा. खुर्च्या मांडायच्या, दिवे बांधायचे, प्रयोग संपला की सगळं आवरून शाळा पुन्हा शाळेच्या ताब्यात द्यायची. खाली बाजार, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, लग्नसराईत बँड. हे सगळं खिडकीतून आत येई. पण प्रेक्षक नटाच्या इतका जवळ बसलेला की हळू आवाजातलं वाक्यही शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. मोठ्या नाट्यगृहातला खणखणीत स्वर इथे खोटा वाटला असता. त्या काळच्या आपल्या नटांचं बोलणं जे बदललं, त्यात या खोलीचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

‘आविष्कार’चं मोठेपण मी तिच्या नाटकांपेक्षाही दुसऱ्याच एका गोष्टीत मानतो. मिळालेली जागा तिने स्वतःपुरती ठेवली नाही. अमोल पालेकर, सत्यदेव दुबे, पुण्याची थिएटर अकॅडमी, सगळ्यांनी तिथे प्रयोग केले. नव्या लेखकाला आपलं नाटक लोकांसमोर उभं राहिलेलं बघता येई, पडलं तर पुन्हा लिहिता येई. अशी सोय पैशाने मिळत नाही. लहान मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ निघाली, तिच्या ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यातून मुलांच्या किती पिढ्या रंगमंचावर आल्या!

याच काळाच्या जरा आधी प्राग शहरातही छोट्या रंगमंचांचं पेव फुटलं होतं. १९५८ साली तिथे ‘दिव्हाद्लो ना झाब्राद्ली’ नावाचं लहानसं थिएटर सुरू झालं. व्हात्स्लाव हावेल तिथे आधी रंगमंच कामगार होते. १९६३ साली त्यांचं पहिलं मोठं नाटक तिथेच आलं, आणि १९८९ मध्ये हा माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. लहान थिएटर चालतं ते पडद्यामागे राबणाऱ्यांच्या जिवावर, दादरला असो की प्रागला.

दादरला असा राबणारा माणूस म्हणजे अरुण काकडे. तारखा, परवानग्या, पैसे, नेपथ्याची ने-आण, सगळं काकडेकाकांच्या अंगावर. अरविंद देशपांडे १९८७ च्या जानेवारीत गेले, तेव्हा संस्था बंद पडली असती तर कुणी नावं ठेवली नसती. काकडेकाका आणि सुलभाताईंनी ती चालू ठेवली आणि अरविंदांच्या स्मरणार्थ दर जानेवारीत नाट्यमहोत्सव भरवायला सुरुवात केली. नव्वदच्या सुमारास छबिलदासची जागा सुटली. बिऱ्हाड माहीमच्या पालिका शाळेत हललं. पुन्हा शाळाच! १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी महेश एलकुंचवारांची ‘वाडा’ नाट्यत्रयी संस्थेसाठी सलग सादर केली. आठ-नऊ तासांचा प्रयोग, आणि माणसं शेवटपर्यंत बसून राहिली.

अलिबागचं पीएनपी नाट्यगृह २०२२ मध्ये आगीत सापडलं तेव्हा हळहळणाऱ्यांत मीही होतो. पण नाटक नाट्यगृहावाचून अडत नाही; पेण, रोहा, मुरुड, श्रीवर्धनला शाळा आहेत आणि संध्याकाळी त्यांना कुलपं असतात. एखाद्या मुख्याध्यापकांनी किल्ली दिली, तर सुरुवातीला एवढं पुरे आहे.

सुलभाताई २०१६ मध्ये गेल्या. काकडेकाका २०१९ पर्यंत होते, आणि वयाच्या नव्वदीला टेकले तरी संस्थेच्या कामातून बाजूला झाले नव्हते.