आंबवण आणि इंधनवायू

परभणी जिल्ह्यातील गोठ्यांतून वाहणारे शेणमूत्रमिश्रित पाणी हवाबंद टाकीत आंबविल्यास इंधनवायू मिळतो, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. परंतु ‘आंबविणे’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. पीठ आंबट होणे हे स्वयंपाकघरात कार्यसिद्धीचे लक्षण. टाकीत मात्र तेवढ्याने निम्मेच कार्य होते. जीवाणूंचा एक गट सेंद्रिय द्रव्यांपासून आम्ले निर्माण करतो. मिथेनजनक सूक्ष्मजीव पुढे त्यांचे वायूत रूपांतर घडवितात. हे दुसरे सावकाश वाढतात व त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब मानवते. परभणीस हिवाळ्यातील काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. टाकी थंडावून वायू घटला म्हणून अधिक शेणपाणी ओतणे म्हणजे आम्लांत भर घालणे होय. त्या वेळी भरणा कमीच करावयास हवा.

पातळ सांडपाण्याची अडचण निराळी आहे. ते वाहून जाताना मिथेनजनकांनाही बाहेर नेते. नेदरलंड्समध्ये लेटिंगा यांनी १९७० नंतरच्या दशकात यावर तोड काढली : पाणी तळातून वर चढवावयाचे व सूक्ष्मजीवांचे जड दाणे खालीच राहू द्यावयाचे. पाणी काही तासांत निघून जाते, सूक्ष्मजीव टिकतात. मात्र गोठ्याच्या पाण्यातील काडीकचरा आधी गाळून घ्यावा लागतो.