गोंदण आणि बुरशी

पालघर जिल्ह्यातल्या सूर्यमाळ, खोडाळा, मोखाडा या पट्ट्यात जुना फोटो खराब व्हायला फार वर्षं लागत नाहीत. वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने ओलसर राहणारी कारवीच्या कुडाची भिंत आणि घरात कोंडणारा चुलीचा धूर. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो फुगतो, चिकट होतो आणि बुरशी धरते. फ्रेममधला फोटो काचेलाच चिकटून बसतो. तो ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो, म्हणून जाणता कारागीर काचेसकटच स्कॅन करतो. जुन्या रंगीत फोटोंतला निळसर रंग आधी विरतो आणि माणसं तांबूस दिसू लागतात. तो रंग संगणकावर बराचसा परत आणता येतो. बुरशीचा ठिपकाही शेजारचा भाग उचलून झाकता येतो, आणि चूक होते ती इथेच.

इथल्या जुन्या पिढीतल्या कितीतरी वारली, कोकणा, ठाकूर बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. जुन्या फोटोत ते काळपट ठिपक्यांसारखं उमटतं आणि घाईतला हात बुरशीबरोबर तेही पुसून टाकतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की इजा कागदाला झाली असेल तर दुरुस्त करावी. खूण माणसाची असेल तर तिला हात लावू नये. दोन्ही ओळखता येतात. फोटो तिरप्या उजेडात धरला की बुरशीच्या जागी पृष्ठभाग खरखरीत किंवा निस्तेज दिसतो. गोंदण चित्रातच असल्यामुळे तिथली चकाकी मोडत नाही. बुरशी चेहऱ्यावरून लुगड्यावर, मागच्या पडद्यावरही पसरते, गोंदण आपली जागा सोडत नाही. तरी शंका उरली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं.

घरच्यांनाच रंग उजळ हवा असतो, कार्यासाठी फोटो नीटनेटका हवा असतो, असं स्टुडिओवाले सांगतात, आणि ते खरं आहे. आधारकार्डावरचा इवलासा फोटो मोठा करून द्यायचा, अंगात कोट घालायचा, हीही नेहमीची मागणी. भिंतीवर काय लावायचं हा घरच्यांचा हक्क. कोट तर कपडाच आहे. पण न बदललेला स्कॅनही त्यांना द्यावा आणि गोंदण काढण्याआधी स्पष्ट विचारावं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: चेहराच पुसट झाला असेल तर आपोआप चेहरा सुधारणारं सॉफ्टवेअर का वापरू नये? कारण ते पुसट जागी अंदाज भरतं. २०२१ मध्ये आलेलं जीएफपीगॅन हे असंच एक सॉफ्टवेअर फ्लिकरवरून गोळा केलेल्या सत्तर हजार चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. आपल्या आजीचे डोळे ते त्या गर्दीतून बेततं. शहरातल्या घरात पडताळायला आणखी दहा फोटो निघतील. इथे अनेक घरांत माणसाचा एकच फोटो असतो, आणि नातवंडं तोच चेहरा खरा धरतील. त्यापेक्षा पुसट चेहरा पुसटच ठेवलेला बरा. दुरुस्तीनंतर मूळ प्रत टाकून देऊ नये. कोरड्या कागदी पाकिटात घालून, चुलीपासून आणि ओलीपासून लांब ठेवावी आणि पाकिटावर माणसाचं नाव, पाडा आणि अंदाजे साल पेन्सिलीने लिहावं.